जानेवारी कोरडा गेला आणि मार्चमध्ये मनालीत बर्फ पडतोय, असं का? एप्रिलमध्ये मुंबईहून मुलांना घेऊन जावं का?

हिमालयातला हिवाळी बर्फ मुख्यतः पश्चिमी विक्षोभांमुळे पडतो. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या या पाऊस-बर्फाच्या प्रणाली जानेवारीत कमजोर राहिल्या किंवा उत्तरेकडून निघून गेल्या, की डोंगर कोरडेच राहतात. नंतर जोरदार विक्षोभ आला की मार्चमध्येही भरपूर बर्फ पडतो. 2025 मध्ये गुलमर्गला फेब्रुवारीत होणाऱ्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या आणि मार्चमध्ये झाल्या.

पर्यटकांना आनंद होतो, पण मला काळजी वाटते ती सफरचंदाच्या बागांची. फेब्रुवारी उबदार गेला की झाडं लवकर जागी होतात, कळ्या फुगतात. तेवढ्यात बर्फ किंवा गारा आल्या तर मोहोर करपतो. थंडीत मधमाश्याही बाहेर पडत नाहीत, मग उरलेल्या फुलांचं परागीभवन अडतं. आपल्याकडे अवकाळीने आंब्याचा मोहोर गळतो ना, तसंच. शिवाय उशिराचा बर्फ कडक उन्हात पटकन वितळतो, त्यामुळे उन्हाळ्यात झऱ्यांना पाणी पुरवेल इतका साठा होत नाही.

तुम्ही जरूर जा, पण मनाली गावातच बर्फ मिळेल असं धरून चालू नका. मनालीच्या वरची रोहतांग खिंड एप्रिलमध्ये बहुतेक बंदच असते. रोहतांगखालच्या अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सू गावाला बर्फ मिळण्याची शक्यता जास्त. ताज्या बर्फानंतर हिमस्खलनाचा इशारा असेल तर मुलांना घेऊन वर जाऊच नका. परतीच्या तिकिटाआधी एक दिवस मोकळा ठेवा, रस्ते अचानक बंद होतात.