गिअरबॉक्स खोलण्याआधी

प्रश्न : मी नाशिकला शाळेत शिकवते. पती दुबईत नोकरीला आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये आम्ही पुण्याहून सात गिअरची, ड्युअल क्लचची ऑटोमॅटिक गाडी घेतली. किंमत साडेतेरा लाख, आरसी पतींच्या नावावर. चार वर्षांची वॉरंटी फेब्रुवारी २०२५ मध्ये संपली. मार्च २०२४ मध्ये, ३८ हजार किलोमीटरला, गाडी झटके देऊ लागली. वर्कशॉपने सॉफ्टवेअर अपडेट करून दिले. डिसेंबरमध्ये पुन्हा तेच झाले, तेव्हा ‘या गाड्यांचे असेच असते’ म्हणून परत पाठवले. जूनमध्ये मुंबईहून येताना कसारा घाटात, चढावरच, गाडीने गिअर सोडला. मुलगी सोबत होती. आता वर्कशॉप म्हणते, अख्खा गिअरबॉक्स बदला, खर्च ४ लाख २० हजार. बाहेरचा गॅरेजवाला म्हणतो, फक्त मेकाट्रॉनिक (गिअरबॉक्सचे नियंत्रण युनिट) गेले आहे, ८५ हजारांत करून देतो. गाडी तीन आठवडे वर्कशॉपमध्ये पडून आहे आणि आता ते दिवसाला ५०० रुपये पार्किंग मागत आहेत. दुरुस्त करू की बदलू? कंपनीवर दावा होईल का?

उत्तर : ताई, घाटात मुलीसह अडकलात हे वाचून काळजी वाटली. दोघी सुखरूप आहात, हे सर्वांत महत्त्वाचे. गाडी काहीही झाले तरी चालवत घरी आणू नका.

आता मुद्द्याचे. दुरुस्ती की बदल, याचा निकाल मेकॅनिक देईल. पण त्याआधी गिअरबॉक्सला कोणाचाही पाना लागू देऊ नका, अगदी भरवशाच्या गॅरेजवाल्याचाही नाही. एकदा तो खोलला की दोष मुळात कुठे होता हे सिद्ध करण्याचा मार्ग जवळजवळ बंद होतो. समोरचा वकील पहिल्याच तारखेला म्हणेल, ‘बाहेर खोलला, तिथेच बिघडला.’ असे म्हणणे खोडून काढताना वकील म्हणून मी स्वतः घाम गाळला आहे. पक्षकार प्रामाणिक होता, गाडी खरोखर सदोष होती, पण जुना भाग भंगारात गेलेला होता.

तुमची खरी ताकद वॉरंटीतल्या त्या दोन भेटींत आहे. वॉरंटी संपल्यावर बिघडलेली गाडी वेगळी, आणि वॉरंटीत तक्रार नोंदवूनही दोष न काढता परत दिलेली गाडी वेगळी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तूचा दर्जा किंवा कार्यक्षमता कायद्याने अथवा कराराने जशी असायला हवी तशी नसणे हा ‘दोष’, आणि कबूल केलेली सेवा नीट न देणे ही ‘सेवेतील त्रुटी’. वॉरंटी हा करारच आहे. मार्च आणि डिसेंबर २०२४ ची जॉब कार्डे (वर्कशॉपने केलेली तक्रारीची आणि कामाची नोंद) सांगतात की झटक्यांची तक्रार करार जिवंत असतानाच पोहोचली होती. जूनमध्ये घाटात जे झाले ते त्याच दुखण्याचे पुढचे पाऊल आहे, असे आपले म्हणणे राहील. हा धागा जोडता आला तर ‘वॉरंटी संपली’ या उत्तरात फारसा दम राहत नाही.

धागा जोडायला मात्र तज्ज्ञाचा कागद लागतो. गाडीत निर्मितीदोष आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी ग्राहकावर असते, आणि तज्ज्ञाच्या अहवालाविना अशा तक्रारी ग्राहक आयोगात वारंवार फेटाळल्या जातात. म्हणून वर्कशॉपला आजच ईमेल करा. स्कॅनरवर आलेले सगळे फॉल्ट कोड, प्रत्येक कोड किती किलोमीटरला नोंदला गेला ती माहिती, मार्च २०२४ पासूनची सर्व्हिस हिस्टरी आणि गिअरबॉक्सचा अनुक्रमांक मागा. सोबत एक प्रश्न लेखी विचारा : नेमका कोणता भाग निकामी झाला, आणि तेवढाच भाग बदलून का चालत नाही? वस्तू-सेवेचा दर्जा आणि किंमत कळणे हा कायद्याने दिलेला हक्क आहे, तेव्हा यात संकोच करू नका. मग एखादा ऑटोमोबाइल अभियंता किंवा परवानाधारक सर्व्हेअर घेऊन वर्कशॉपमध्येच तपासणी करा. तारीख कंपनीला आणि डीलरला आधी कळवा. ते आले तर उत्तम. बोलावूनही आले नाहीत, तर तेही आपल्या फाइलला लागते.

तपासणीत काय बघायचे हे तुम्हालाही थोडे ठाऊक असावे. मेकाट्रॉनिक म्हणजे कंट्रोल युनिट, व्हॉल्व्ह आणि तेलाला दाब देणारा पंप, हे सगळे एकत्र. दाब पडला की क्लच आणि गिअर हुकूम पाळत नाहीत, गाडी अचानक न्यूट्रलला जाते. तुमचे वर्णन याच्याशी जुळते, पण मी अभियंता नाही. आतले दात, बेअरिंग, शाफ्ट शाबूत असतील तर पूर्ण गिअरबॉक्स बदलण्याचे कारण वर्कशॉपला दाखवावे लागेल. तेलात धातूचा चुरा आला किंवा केसिंगला तडा असला, तर ८५ हजारांची दुरुस्ती वाया जाईल आणि बदलणेच शहाणपणाचे. तिसरी शक्यता क्लच झिजल्याची. तसे निघाले तर कंपनी ‘वेअर अँड टिअर’ म्हणून हात वर करील, म्हणून कोणता भाग गेला हे शब्दांत लिहून आले पाहिजे. ‘गिअरबॉक्स फॉल्टी’ एवढ्या दोन शब्दांवर समाधान मानू नका.

खर्चाच्या बाबतीत एक कायद्याची गोष्ट बरेच जण विसरतात. भारतीय करार कायद्याचे कलम ७३ सांगते की नुकसानीचा हिशेब करताना ते टाळायला कोणती साधने हाताशी होती हेही पाहावे. ८५ हजारांत टिकाऊ दुरुस्ती शक्य असताना तुम्ही सव्वाचार लाख घातले, तर आयोग सगळे परत देईलच असे नाही. उलट तज्ज्ञाने बदल अपरिहार्य ठरवला असेल तर मोठ्या रकमेला आधार मिळतो. म्हणजे त्याच अहवालावर तुमची गाडीही अवलंबून आहे आणि दावाही.

नवी गाडी मागावी असे पतींना वाटते, हे तुमच्या पत्रावरून कळले. त्यांचा राग रास्त आहे, पण ही मागणी मुख्य ठेवू नका. क्लचच्या दोषाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितले की वॉरंटी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची असेल, तर तेवढ्यासाठी पूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश टिकत नाही. गिअरबॉक्सचा खर्च, टोइंग, या काळातले भाड्याच्या गाडीचे पैसे आणि मनस्तापाची भरपाई मागा. यासाठी भक्कम जमीन आहे.

कंपनी आणि डीलर, दोघांनाही सामनेवाले (तक्रारीतला विरुद्ध पक्ष) करा, पण प्रत्येकाची चूक वेगळी मांडा. गोव्यातल्या एका ग्राहकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले की दोघांचे नाते स्वतंत्र व्यापाऱ्यांचे असेल, तर डीलरच्या चुकीसाठी कंपनीला आपोआप जबाबदार धरता येत नाही. तेव्हा सदोष भाग कंपनीचा, आणि दोन वेळा दोष न काढता परत पाठवणे वर्कशॉपचे.

गाडी पतींच्या नावावर असल्याची चिंता सोडा. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्यात ग्राहकच आहे. त्यांच्याकडून एक अधिकारपत्र मात्र घ्या. पुण्याला खेटे घालावे लागणार नाहीत. तक्रारदार राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते, म्हणून नाशिकचा जिल्हा आयोग चालेल. मोबदला, म्हणजे वस्तूसाठी मोजलेली किंमत, ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडेच जाते. साडेतेरा लाखांच्या गाडीसाठी शुल्क फक्त ४०० रुपये. तक्रार ई-जागृती पोर्टलवरूनही दाखल होते. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची. जूनपासून मोजता येईल असे मी म्हणेन, पण समोरचा मार्च २०२४ पासून मोजेल. म्हणून मार्च २०२६ च्या आत दाखल व्हायलाच हवी.

पार्किंगचे बोलू. करार कायद्याच्या कलम १७० नुसार कारागीर आपल्या श्रमाचा मोबदला मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवू शकतो. तपासणीचे पैसे त्यात येतात. उभी ठेवल्याचे भाडे आपोआप येत नाही, ते आधी कबूल केलेले असावे लागते. जॉब कार्डाच्या मागची बारीक अक्षरे वाचा, तुमच्या सहीखाली पार्किंगचा दर छापलेला असू शकतो. नसेल तर तपासणीचे पैसे द्या, पावतीवर ‘हक्क राखून’ लिहून घ्या आणि गाडी परत मागा. पार्किंगवर अडून बसले तर तेही हक्क राखूनच भरा, वसूल नंतर करू. तपासणी झाल्यावर गाडी हलवायची ती फ्लॅटबेडवर (अख्खी गाडी वर चढवून नेणाऱ्या ट्रकवर), पुढची चाके रस्त्यावर ठेवून ओढत नेऊ नका.

यानंतर दोन्ही सामनेवाल्यांना पंधरा दिवसांची नोटीस द्या. कायद्याने ती सक्तीची नाही, पण अशा प्रकरणात तिचा उपयोग होतो, कारण वॉरंटी संपल्यावरही कंपन्या कधी कधी भागाची किंमत पूर्ण किंवा काही अंशी सोसतात. वर्कशॉपच्या भाषेत ‘गुडविल’. तसा प्रस्ताव आला तर तो नाकारू नका, मात्र ‘पूर्ण आणि अंतिम समाधान’ अशा कागदावर मला दाखवल्याशिवाय सही करू नका. आणि हे नीट ध्यानात ठेवा : एक्सचेंज दरात नवा किंवा रिकंडिशन्ड गिअरबॉक्स घेतला की जुना कंपनीकडे परत जातो. आपला पुरावाच त्यांच्या गोदामात पोहोचतो. तो जपून ठेवण्याची लेखी हमी आधी घ्या.

उत्तर आले नाही तर तक्रार दाखल करू आणि त्याबरोबरच तपासणीचा अर्ज देऊ. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ खाली आयोग प्रयोगशाळेत चाचणी करवून घेऊ शकतो, पण अशी चाचणी लागली की निकालाची कायद्यातली मुदत तीनऐवजी पाच महिन्यांची होते, आणि प्रत्यक्षात त्याहून वेळ लागतो. इतके दिवस गाडीविना काढणे तुम्हाला जमणार नाही, हे मला कळते. अहवाल मेकाट्रॉनिकवर बोट ठेवत असेल तर मी तुमच्या जागी आयोगाला कळवून ८५ हजारांची दुरुस्ती करून घेतली असती. फोटो आणि व्हिडिओ काढत, जीएसटीचे बिल आणि किमान वर्षाची लेखी वॉरंटी घेऊन, आणि काढलेला भाग पिशवीत सीलबंद करून घरी आणून. व्हिडिओ ज्या फोनवर काढाल तो फोन विकू नका की फॉरमॅट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडताना तो लागेल.

डिसेंबरच्या जॉब कार्डाची प्रत तुमच्याकडे नाही, ती पतींच्या ईमेलवर आली होती, असे तुम्ही लिहिले आहे. आज रात्री त्यांना फोन कराल तेव्हा तो मूळ ईमेल तुम्हाला फॉरवर्ड करायला सांगा, स्क्रीनशॉट नको. मला पहिल्यांदा तोच पाहायचा आहे.