काळ्या जमिनीत ब्लूबेरी लावायची आहे, सामू (pH) 8.2 आहे. एकरी गंधक किती टाकू? जिप्सम चालेल का?

सामू सांगितलात, पण तपासणीच्या कागदावर त्याच्याच आसपास मुक्त चुनखडीचा आकडा असतो, तो आधी बघा. ब्लूबेरीला सामू 4.5 ते 5.5 लागतो. गंधक टाकलं की मातीतले जिवाणू हळूहळू, काही महिन्यांत, त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात. पण ते आम्ल आधी चुनखडीत खर्ची पडतं, आणि चुनखडी शिल्लक आहे तोवर सामू फारसा हलत नाही.

आता हिशेब. एक चौरस मीटरची वरची 15 सेंमी माती साधारण 200 किलो भरते. तिच्यात 1 टक्का चुनखडी धरली तर झाली 2 किलो, आणि तेवढी संपवायलाच 640 ग्रॅम गंधक हवं. काळ्या जमिनीत 5 टक्के चुनखडी म्हणजे काही फार नाही. तिथे एकरी जवळजवळ 13 टन! तेही फक्त वरच्या अर्ध्या फुटासाठी. एवढं गंधक घालून जमिनीत क्षारच वाढतील. तपासणीचा कागद हाताशी नसेल तर कोरड्या ढेकळावर थोडं व्हिनेगर ओता. फसफसलं तर गंधकाचा विचार सोडा.

जिप्सम चोपण जमिनीसाठी, सोडियम काढायला. ब्लूबेरीला हवा तेवढा सामू त्याने कधीच उतरणार नाही. वापरलेल्या कॉफीचा चोथा जवळपास उदासीन असतो, त्याने सामू उतरतो सांगणाऱ्या व्हिडिओंवर वेळ घालवू नका.

मी जमिनीशी भांडत नाही, कुंड्यांत लावतो. धुतलेलं कोकोपीट, पीट मॉस आणि निचऱ्यासाठी पर्लाइट. शेणखत, राख अजिबात नाही. या झाडाला ‘चांगली’ बागेची माती मानवत नाही, हे अमेरिकेत फ्रेडरिक कोव्हिल या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1910 सालीच लिहून ठेवलंय. नंतर न्यू जर्सीच्या आम्लधर्मी रेताड पट्ट्यात क्रॅनबेरीची शेती करणाऱ्या एलिझाबेथ व्हाइटबरोबर काम करून त्याने रानातलं हे झुडूप शेतात आणलं. जात मात्र कमी थंडीवर फळणारी घ्या, बिलॉक्सीसारखी.

कुंडीत लावूनही झाडं पिवळी पडतात ती बहुतेकदा पाण्यामुळे. बोअरच्या जड पाण्यातलं बायकार्बोनेट रोज थोडं थोडं चुन्याचं काम करतं, म्हणजे सामू वाढवतं. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की लोह मिळत नाहीये असं समजा. नुसतं लोह फवारून भागत नाही, पाण्याचा सामू मोजा. पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तम. घरच्या आरओचं शुद्ध पाणीही चालतं, पण नळीतून वाया जाणारं नको, त्यात क्षार एकवटलेले असतात. नत्रासाठी अमोनियम सल्फेट, अगदी चिमूटभर. कॅल्शियम नायट्रेट टाळा.

एकरभर करायचंच असेल तर आधी दहा कुंड्या लावा आणि विहिरीच्या पाण्याची तपासणी करून घ्या. रोपांचे पैसे त्यानंतर भरा.