ऑक्टोबरात येताय? मग जळणाचं आत्ताच बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरात बायको-मुलांसह जर्मनीत रॉयटलिंगनजवळच्या एका गावात राहायला यायचंय, भाड्याच्या घरात गॅसचं हीटिंग आहे, शिवाय बैठकीत लाकडाचा स्टोव्ह आहे. तर लाकूड किती घ्यायचं, कधी घ्यायचं, आणि ठेवायचं कुठे, बाल्कनीत की तळघरात? मी याच भागात, श्वेबिश आल्ब या डोंगररांगेच्या पायथ्याशी, नऊ वर्षं राहतोय. यातल्या बहुतेक चुका माझ्या करून झाल्यात.

आपल्या कोकणात मे महिन्यात सरपण पडवीत रचलं की पावसाळ्याची बेगमी झाली. इथे तसं नाही. आल्बवर बीच नावाच्या कठीण लाकडाच्या झाडाची जंगलं आहेत, जळणाला बीचच सगळ्यांना हवं असतं, आणि फोडून रचलेलं बीच नीट वाळायला दीड-दोन वर्षं घेतं. म्हणजे आज स्वस्तात दिसणारं ओलं लाकूड पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्याचं. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचं लाकूड वर्षभरात वाळतं, पण भसाभसा जळून जातं.

पहिल्या वर्षी मी जाहिरात बघून 'वाळलेलं' लाकूड घेतलं. वरून फिकट, कोरडं दिसत होतं. स्टोव्हमध्ये टाकल्यावर टोकांतून फेस यायला लागला, सुं सुं आवाज, काच अर्ध्या तासात काळी. सुक्याबरोबर ओलंही जळतं ही आपली म्हण या स्टोव्हला ठाऊक नव्हती. पुढे शोर्नश्टाइनफेगर, म्हणजे धुराडं साफ करणारा अधिकृत माणूस आला, त्याने टॉर्च मारून आतला चकचकीत डांबरासारखा थर दाखवला. तो थर पेटला तर धुराड्यात आग लागते. चांगलाच बोलला मला.

तेव्हापासून लाकूड उतरवून घेण्याआधी मी एक तुकडा मधोमध फोडतो आणि ओलावा मोजायच्या मीटरचे दोन काटे त्या ताज्या पृष्ठभागात खुपसतो. बाहेरून खुपसलं तर मीटर खोटं सांगतं. २५ टक्क्यांच्या वरचं लाकूड जाळायला इथे कायद्यानेच बंदी आहे. मी २० च्या खालीच घेतो. मीटर नसेल तर दोन तुकडे एकमेकांवर आपटा. वाळलेलं टणकन वाजतं, ओलं धप्प.

आता माप. इथेच नवीन माणूस फसतो. राउममेटर (जुनी माणसं श्टेर म्हणतात) म्हणजे नीट रचलेला एक मीटर लांब-रुंद-उंच ढीग. श्युट्राउममेटर म्हणजे तेवढ्याच पेटीत नुसतं ओतलेलं; त्यात रचलेल्या मापाच्या साधारण ०.७ इतकंच लाकूड बसतं. दोन विक्रेत्यांचे भाव ताडताना माप एकच आहे ना, ते आधी बघा. वाळलेल्या बीचचा एक राउममेटर साधारण साडेचारशे-पाचशे किलो भरतो, आणि उष्णतेच्या हिशेबात दोनशे लिटर हीटिंग ऑइलच्या आसपास जातो. रोज संध्याकाळी आठ किलो जाळलं तर तो दोन महिने पुरतो. तुम्हाला गॅस आहेच, तेव्हा ऑक्टोबर ते मार्च तीन राउममेटर भरपूर झाले. याच वजनामुळे बाल्कनी विसरा.

तळघरात फक्त वाळलेलं ठेवा, तेही थोडंच. मी ओलं तळघरात नेलं होतं. तीन आठवड्यांत पांढरी बुरशी आणि सगळ्या घराला कुबट वास. बाहेरची जागा ऊन-वारा दोन्ही लागणारी हवी. खाली लाकडी पॅलेट टाका, भिंतीपासून हाताचा पंजा सहज जाईल इतकं अंतर सोडा, आणि वरून पत्रा. फक्त वरून. मी ताडपत्री चारी बाजूंनी घट्ट गुंडाळली होती, पावसाळ्यात आपण गुंडाळतो तशी, आणि शेजारच्या आजी कुंपणापलीकडून ओरडल्या की त्याला श्वास घेऊ दे. रचायला त्यांनीच शिकवलं: दोन्ही टोकांना एक थर उभा, एक आडवा असा चौकोनी खांब करायचा, मग मधला ढीग ढासळत नाही. इकडे या रचलेल्या ढिगाला होल्ट्सबाइगे म्हणतात, आणि कोणाची किती सरळ आहे यावर गावात चर्चा होते. माझी अजून थोडी डावीकडे झुकते.

तुम्ही येणार ऐन ऑक्टोबरात, तेव्हा पहिल्या वर्षी भट्टीत वाळवलेलं, 'कामरगेट्रोकनेट' लिहिलेलं, आधी एक राउममेटर घ्या, संपलं तर आणखी. महाग पडतं, पण लगेच जळतं. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये ओलं, फोडलेलं बीच घेऊन रचून ठेवा आणि दोन उन्हाळे विसरून जा. बीच न फोडता पडू दिलं तर आतून कुजतं. गावच्या जंगलातून रस्त्याकडेला ठेवलेले लांब ओंडकेही विकत मिळतात, पण ते कापायला चेनसॉचा कोर्स केल्याचा दाखला मागतात. पहिल्या वर्षी त्या भानगडीत पडू नका.

वहिनींना एक सांगा. स्वयंपाकघरातली चिमणी हवा बाहेर फेकणारी असेल तर स्टोव्ह पेटलेला असताना ती लावायची नाही. फोडणीचा धूर बाहेर जातो आणि स्टोव्हचा धूर, त्यातला कार्बन मोनॉक्साइडही, बैठकीत ओढला जातो. आमच्याकडे खिडकीला स्विच बसवलाय. खिडकी उघडल्याशिवाय चिमणी सुरूच होत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पहिल्याच आठवड्यात लावा. राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत. दुसऱ्या दिवशीही आत निखारा सापडतो.

करारावर सही करण्याआधी घरमालकाला तीन गोष्टी विचारा: स्टोव्ह कोणत्या सालचा आहे, त्याचा फॉयरश्टेटनबेशाइड, म्हणजे धुराड्याची सफाई-तपासणी कधी करायची ते लिहिलेला अधिकृत कागद, आहे का, आणि लाकूड अंगणात कुठे रचलेलं चालेल. १९९५ ते मार्च २०१० मधले बरेच स्टोव्ह धुराची मर्यादा पाळत नसतील तर २०२४ अखेर बंद करावे लागलेत. तसला निघाला तर लाकडाचा प्रश्नच मिटला. जमल्यास स्टोव्हच्या आतली रुंदीही मोजून मागवा. बहुतेकांना ३३ सेंटिमीटरचे तुकडे चालतात, आमच्याला २५ चेच लागतात, आणि हे मला तीन राउममेटर अंगणात ओतून झाल्यावर कळलं.