वाचक विचारतात : यूएस ओपन जिंकणारा पहिला अमेरिकन

प्रश्न : मुलासोबत टीव्हीवर गोल्फ बघायला लागलोय, त्यामुळे हा प्रश्न. एक मित्र म्हणाला की यूएस ओपन जिंकणारा पहिला अमेरिकन माणूस नुसता नशिबाने जिंकला आणि नंतर वेडा झाला. खरं काय आहे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : त्याचं नाव जॉन मॅकडरमॉट, सगळे जॉनीच म्हणायचे. आणि नशिबाचं म्हणाल तर ते अजिबात पटत नाही, एकदाच जिंकला असता तर एकवेळ मान्य केलं असतं, पण हा पोरगा 1911 आणि 1912 असा लागोपाठ दोनदा जिंकलाय, आणि 1910 मध्येसुद्धा बरोबरीत येऊन प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवायला पुन्हा खेळतात त्या जादा खेळात, हरला होता, तेव्हा वय होतं फक्त 18.

ही किती मोठी गोष्ट होती ते कळायला मागचं थोडं बघावं लागेल. यूएस ओपन सुरू झाली 1895 ला आणि पहिली 16 वर्षं ती जिंकली कोणी, तर स्कॉटलंड-इंग्लंडकडून आलेल्या लोकांनीच. स्पर्धा अमेरिकेची पण कप कायम बाहेरच्यांकडे. जॉनी फिलाडेल्फियातल्या एका पोस्टमनचा मुलगा, अंगाने किरकोळ, शाळा अर्धवट सोडून कॅडीचं, म्हणजे खेळाडूंची बॅग उचलायचं, काम करत खेळ शिकला आणि मग क्लबमध्ये प्रो, म्हणजे पगारी खेळाडू-शिक्षक, म्हणून लागला. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून ठेवायचा आणि लांबून बॉल मारून बरोब्बर त्याच्यावर पाडायची प्रॅक्टिस करायचा असं सांगतात. शिकागो गोल्फ क्लबवर 1911 ला जिंकला तेव्हा 20 वर्षंही पूर्ण नव्हती, आणि यूएस ओपनचा सगळ्यात लहान विजेता आजही तोच आहे, म्हणजे शंभर वर्षं उलटून गेली तरी कोणाला ते मोडता आलेलं नाही!

दुसऱ्या वर्षी बफेलोला त्याने चार राउंडमध्ये (एक राउंड म्हणजे 18 होल, होल म्हणजे बॉल ज्यात घालायचा ते भोक) 294 फटके घेतले. तिथलं पार, म्हणजे चांगल्या खेळाडूला एका राउंडला किती फटके लागावेत तो आकडा, 74 होता, चार राउंडचे 296. म्हणजे पारच्या खाली दोन, आणि गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं चांगलं. यूएस ओपनमध्ये पूर्ण 72 होल खेळून पारच्या खाली राहिलेला हा पहिला माणूस.

आता 1913. मला वाटतं सगळं इथून बिघडत गेलं. इंग्लंडहून हॅरी व्हार्डन आणि टेड रे आलेले, त्या काळातली सगळ्यात मोठी नावं, आणि पेनसिल्व्हेनियात शॉनीच्या स्पर्धेत जॉनी दोघांच्या पुढे राहून आठ फटक्यांनी जिंकला. जिंकल्याच्या भरात बोलून गेला की आमचा यूएस ओपनचा कप तुम्हाला नेऊ देणार नाही, अशा अर्थाचं. पेपरवाल्यांनी ते उचलून धरलं, पाहुण्यांचा अपमान केला म्हणून चहूबाजूंनी टीका, त्याने माफी मागितली तरी यूएस ओपनला त्याला खेळू द्यायचं की नाही इथपर्यंत गोष्ट गेली. खेळला, पण आठवा आला. आणि तीच स्पर्धा फ्रान्सिस विमेट नावाच्या 20 वर्षांच्या हौशी खेळाडूने व्हार्डन-रे दोघांना प्लेऑफमध्ये हरवून जिंकली, त्यामुळे लोकांच्या लक्षात विमेट राहिला आणि जॉनी मागे पडला. हे मला फार लागतं, कारण वाट तर यानेच करून दिली होती ना.

त्यात शेअरमध्ये पैसे बुडाले. 1914 ला ब्रिटिश ओपन खेळायला गेला तर बोट आणि ट्रेन चुकली, पोचेपर्यंत उशीर झालेला, खेळताच आलं नाही. परत येताना कायझर विल्हेल्म या जर्मन जहाजाची इंग्लिश खाडीत दुसऱ्या जहाजाशी टक्कर झाली आणि याला लाइफबोटीत बसावं लागलं. अंगाला जखम नाही, पण त्याच वर्षी अटलांटिक सिटीच्या क्लबमध्ये स्वतःच्या दुकानात तो कोसळला. वय 23, करिअर तिथेच संपलं.

म्हणून मित्राला सांगा, 'वेडा झाला' म्हणू नका. तो आजारी पडला. 1916 ला घरच्यांनी त्याला नॉरिसटाउनच्या मनोरुग्णालयात ठेवलं, तेव्हा या आजारावर औषधच नव्हतं, आणि पुढचं जवळजवळ सगळं आयुष्य तिथेच गेलं. पण खेळ सुटला नाही हं. हॉस्पिटलच्या आवारात सहा होलचा छोटा कोर्स होता, तिथे खेळायचा, आणि सुट्टीला बहिणी त्याला बाहेरच्या कोर्सवर घेऊन जायच्या. वॉल्टर हेगनसारखा मोठा खेळाडू त्याला भेटायला तिथे गेला होता.

1971 ला यूएस ओपन फिलाडेल्फियाजवळ मेरियनला होती. असं सांगतात की हा म्हातारा तिथे बघायला गेला, कोणी ओळखलं नाही, उलट बाहेर जायला सांगितलं, तेवढ्यात अर्नोल्ड पामर या नावाजलेल्या गोल्फरने ओळखलं आणि मानाने आत नेलं. जून महिन्यातली गोष्ट. 1 ऑगस्टला जॉनी गेला, 80 पूर्ण व्हायला अकरा दिवस कमी होते.