टपावरच्या एसीत गॅस भरण्याआधी व्होल्टेज मोजा

तुम्ही सांगितलेल्या खुणा अशा: मोटरहोमचा टपावरचा एसी सकाळी छान गार करतो, दुपारी मात्र दहा-पंधरा मिनिटांत कॉम्प्रेसर बंद पडतो, पंखा चालूच राहतो, आणि अर्ध्या-पाऊण तासाने सगळं आपोआप पूर्ववत होतं. मेकॅनिकने न उघडताच ‘गॅस कमी झालाय’ असं निदान केलं आहे. माझी कळकळीची विनंती, आत्ता गॅस भरू देऊ नका. टपावरची बहुतेक युनिट्स कारखान्यातच सीलबंद होतात, गॅस भरायला त्यांना व्हॉल्व्हच नसतो. भरायचा म्हणजे चांगल्या नळीला भोक पाडून व्हॉल्व्ह बसवायचा, आणि पुढे गळती सुरू होते ती बहुतेकदा तिथूनच. शिवाय गॅस वापरून संपत नाही. तो कमी असता तर सकाळीही गारवा कमीच मिळाला असता.

दुपारीच का, याचं उत्तर बरंचसं विजेत आहे. बाहेरचं तापमान वाढलं की कॉम्प्रेसरला जास्त दाबाविरुद्ध काम करावं लागतं, म्हणून तो जास्त करंट ओढतो. नेमक्या त्याच वेळी त्या जागेवरच्या सगळ्यांचेच एसी चालू असतात आणि लाइनचं व्होल्टेज बसतं. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे व्होल्टेज १० टक्के उतरलं तर जोर जवळपास १९ टक्के जातो. अशा वेळी मोटर तापते, आतला ओव्हरलोड (मोटर फार तापली की वीज तोडणारा स्विच) तिची वीज तोडतो आणि ती निवली की परत जोडतो. तुमचा अर्धा-पाऊण तास तोच असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते.

म्हणून पहिलं माप व्होल्टेजचं, आणि तेही कॉम्प्रेसर चालू असताना, गाडीच्या आतल्या सॉकेटवर. बाहेरच्या खांबावर रिकाम्या लाइनला २३० दिसले, एवढ्यावर विसंबू नका. २३० च्या यंत्रणेत २०७ च्या खाली आणि १२० च्या यंत्रणेत १०८ च्या खाली आकडा गेला तर एसी लगेच बंद करा. एक्स्टेन्शन केबलही तपासा. ३० मीटरची १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल घेतली तर जाऊन-येऊन ६० मीटर, म्हणजे रोध सुमारे पाऊण ओहम. चालू असताना ७ अँपिअरला ५ व्होल्ट पडतात, ते चालून जातं. पण सुरू होण्याच्या क्षणी कॉम्प्रेसर चालू करंटच्या कितीतरी पट ओढतो. ३० अँपिअर धरले तरी वीसेक व्होल्ट तिथेच गेले. केबल गुंडाळलेली असेल तर पूर्ण उलगडा, गुंडाळीत ती तापते. प्लगची पिन काळवंडलेली असेल किंवा हाताला गरम लागत असेल तर दोष तिथेच आहे असं समजून आधी ती बदला.

व्होल्टेज ठीक निघालं तर कपॅसिटर तपासा, म्हणजे वीज साठवून कॉम्प्रेसरला सुरू व्हायला जोर देणारा भाग. कॉम्प्रेसर सुरू होताना नुसता घुमत असेल आणि काही सेकंदांनी ‘टक्’ आवाज येऊन गप्प होत असेल, तर संशय याच्यावरच जातो. टपावर चढण्याआधी बाहेरचा प्लग काढा, जनरेटर आणि इन्व्हर्टरही बंद करा, नुसत्या थर्मोस्टॅटवर भरवसा नको. कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. ती १५-२० हजार ओहमच्या, ५ वॅटच्या रेझिस्टरने उतरवा, मीटरने शून्य बघा आणि मगच वायरी काढा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडण्याची पद्धत कुणी शिकवली असेल तर ती सोडून द्या. मीटरवरचा आकडा छापील आकड्यापेक्षा ५-६ टक्क्यांहून जास्त उतरलेला असेल तर कपॅसिटर बदला. ४० मायक्रोफॅरडचा ३४ दाखवत असेल तर तो संपला. वरची बाजू फुगलेली दिसली तर मोजायचीही गरज नाही. नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढेच हवेत, व्होल्टेजची मर्यादा तेवढी किंवा जास्त चालते.

वर गेलातच आहात तर झाकण काढून बाहेरची कॉइल (उष्णता बाहेर टाकणारी नळ्या-पत्र्यांची जाळी) नीट बघा. कुंभारमाशीची घरटी, वाळलेली पानं, धुळीचा थर, चेपलेल्या पत्र्या, यातलं काहीही असलं तरी उष्णता बाहेर पडत नाही आणि कॉम्प्रेसर तापतो. ब्रशने झाडा, पाणी मारायचं तर हलक्या धारेने, आणि वायरिंगवर मारू नका.

आता आतली बाजू. इथला एक दोष फार कमी लोक तपासतात. छतातल्या खोक्यात थंड हवा खाली सोडणारा कप्पा आणि खोलीतली हवा आत ओढणारा कप्पा यांच्यात एक पडदा असतो. प्रवासातल्या हादऱ्यांनी त्याची टेप सुटते, थंड हवा खोलीत न येता परत हवा गार करणाऱ्या आतल्या कॉइलकडे ओढली जाते, आणि कॉइलवर बर्फ धरतो किंवा खोली तापलेली असतानाच कॉम्प्रेसर बंद होतो. तपासायला सोपं आहे: फिल्टरच्या तोंडाशी आणि गाडीच्या मधोमध तापमान मोजा. फिल्टरपाशी तीन-चार अंश कमी असेल तर हवा मिसळते आहे. ॲल्युमिनिअमच्या फॉइल टेपने फटी बंद करा, कापडी टेप दमट हवेत टिकत नाही. फिल्टर त्याच वेळी धुऊन घ्या. बर्फ धरलेला असेल तर खरवडू नका, नुसता पंखा चालवून वितळू द्या. थर्मोस्टॅट १२ व्होल्टवर चालणारा असेल तर गाडीच्या राहत्या भागाला वीज देणाऱ्या बॅटरीचं व्होल्टेजही एकदा बघून घ्या.

हे सगळं ठीक असेल तर वीस मिनिटं चालवून फिल्टरपाशी आत जाणारी आणि जाळीतून बाहेर येणारी हवा मोजा. ८ ते १२ अंश सेल्सिअसचा फरक मिळाला तर यंत्रणा निरोगी आहे. फरक त्याहून कमी, आणि क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारं मीटर) करंटही युनिटच्या पाटीवरच्या आकड्यापेक्षा बराच कमी, असं दोन्ही एकत्र दिसलं तरच गॅसचा संशय रास्त. जुन्या युनिटमध्ये गळती शोधून, सांधून, निर्वात करून पुन्हा भरण्यापेक्षा नवं युनिट बसवणं मला जास्त पटतं. घेण्याआधी टपातली युनिट बसवायची खाच मोजा: बऱ्याच गाड्यांत ती १४ इंची चौकोनी, म्हणजे सुमारे ३५५ मिलिमीटर असते, काहींत ४०० मिलिमीटर. गॅस्केट (युनिट आणि छत यांच्यामधली पाणी अडवणारी मऊ पट्टी) नवीनच टाका आणि चारही बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. गॅस्केट साधारण निम्म्या जाडीपर्यंत दबलं की थांबा; त्यापुढे आवळलं तर छत दबतं, पाणी युनिटभोवती साचतं आणि आत झिरपतं.