महिन्याचे टक्के की वर्षाचे? क्रेडिट कार्ड बदलण्याआधीचे चार प्रश्न

जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. मुलीची नागपूरच्या कॉलेजची फी कार्डावर भरली, ६० हजार थकले. दरमहा 'किमान रक्कम' ३ हजार भरतो, तरी थकबाकी हलत नाही. दुसरी बँक महिना १ टक्क्याने थकबाकी तिच्या कार्डावर घेते म्हणते. बदलू का? (दारव्हा तालुका)

सर, तुमच्या स्टेटमेंटच्या फोटोत किमान रक्कम ठळक अक्षरांत आहे आणि महिना ३.६ टक्के हा दर मागच्या पानावर, बारीक अक्षरांत. ६० हजारांवर महिन्याचं व्याज २,१६० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ३८९. म्हणजे ३ हजारांतले २,५४९ तिथेच गेले, मुद्दल फिटलं फक्त ४५१ रुपये. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आज पेट्रोल भरलं की आजपासूनच व्याज.

बदला, पण सवलतीचा दर किती महिने आणि शुल्क किती, हे आधी लेखी घ्या. समजा सहा महिने आणि २ टक्के शुल्क. दरमहा १० हजार मुद्दल फेडलंत तर शुल्क, व्याज, जीएसटी मिळून सुमारे ३,९०० जातील. जुन्या कार्डावर तशीच फेड केली तर सुमारे ८,९००. पाच हजार वाचतात.

पगारातून महिन्याला १० हजार निघत नसतील तर हा मार्ग तुमचा नाही, कारण सातव्या महिन्यात उरलेल्या रकमेला पुन्हा चढा दर लागतो. मग पगार जमा होतो त्या बँकेत वैयक्तिक कर्ज किंवा सोनेतारण विचारा. घरचं सोनं ठेवायला मन धजत नाही, ठाऊक आहे मला. तरी हिशेब तोच सांगतो. आणि रिकामं झालेलं जुनं कार्ड दिवाळीला परत चालवू नका. दोन्ही कार्डं भरून बसलेली घरं मी पाहिली आहेत.

किराणा दुकान आहे, कार्डाचं बिल दरमहा पूर्ण भरतो. कमी व्याजाचं कार्ड घेऊ का? (आर्वी)

तुम्ही व्याज भरतच नाही, मग दराचं काय करायचं? वार्षिक शुल्क तेवढं पाहा.

पाच एकर कपाशी हाय. कृषी केंद्रवाले म्हणते, बियाणं-खत कार्डावर घ्या, कापूस निघाल्यावर भरा. कार्डवाला साडेतीन टक्के व्याज सांगून राहिला, किसान कार्डाचं तं सात टक्के हाय. मंग हेच सस्तं नाही का? (घाटंजी)

भाऊ, इथेच माणूस फसतो. ते साडेतीन टक्के महिन्याचे आहेत, सात टक्के वर्षाचे. सावकार 'शेकडा तीन' म्हणतो तेव्हा ते महिन्याचे असतात, हे आपल्याला न सांगता कळतं. कार्डाचंही तसंच धरा: साडेतीन गुणिले बारा, वर्षाला ४२ टक्के.

बियाणं जूनमध्ये घेता आणि वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास लागते. चुकारा त्याच्याही नंतर. बिनव्याजी मुदत असते फार तर ४५-५० दिवस. ती संपते तेव्हा शेतात पात्या-फुलंच असतात, कापूस कुठला?

किसान क्रेडिट कार्ड म्हणजे पीककर्ज. ३ लाखांपर्यंत दर ७ टक्के, वेळेत फेडलं तर केंद्राची ३ टक्के सूट, आणि उरलेलं व्याज डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून राज्य सरकार देतं. म्हणजे शून्य. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारणही मागता येत नाही. सातबारा, आठ-अ आणि आधार घेऊन पेरणीच्या गर्दीआधी बँकेत जा.

सगळे पैसे भरून जुनं कार्ड बंद करायला सांगितलं. महिना झाला, फोन केला की नवी ऑफरच सांगतात. (दर्यापूर)

ताई, फोन सोडा, ईमेल करा. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे थकबाकी नसलेलं कार्ड सात कामकाजी दिवसांत बंद करावंच लागतं; पुढच्या प्रत्येक दिवसाला बँकेला ५०० रुपये दंड, तोही तुम्हाला मिळतो. ईमेलमध्ये हा नियम लिहा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी लागत नाही. कार्ड बंद झाल्याचा संदेश जपून ठेवा, आणि मधल्या काळात 'बंद करून देतो' म्हणत कुणी ओटीपी मागितला तर देऊ नका.