पाचवा लागला, पण बाळ फिरत नाही

विडी घरकुलातली (विडी कामगारांच्या वसाहतीतली) एक पहिलटकरीण सासूबाईंना घेऊन आली. पाचवा लागला तरी पोटात काहीच हालत नाही, ही धास्ती. सासूबाई म्हणाल्या, "धाकट्याच्या वेळी मला चौथा सरायच्या आत कळलं होतं."

धाकट्याच्या वेळी! दुसऱ्या खेपेला ती हालचाल ओळखीची असते, म्हणून सोळाव्या आठवड्याच्या सुमारासही कळते. पहिलटकरणीला १८ ते २० आठवडे लागतात, कधी थोडे जास्तच. सुरुवातीला लाथ कळतच नाही. बुडबुडा फुटल्यासारखं किंवा मासोळी सळसळल्यासारखं वाटतं, आणि पुष्कळ जणी त्याला गॅस समजतात.

महिने बाजूला ठेवून आठवडे मोजले. तिची पाळी ४० दिवसांनी येणारी. पाळीच्या तारखेवरून १९ आठवडे भरत होते, पण पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीवरून साडेसतराच. पाळी अशी लांबणारी असली की गर्भही उशिरा राहतो, म्हणून सोनोग्राफीचा हिशेब धरायचा. डॉपलर लावून ठोके ऐकवले, मिनिटाला १४८. ११० ते १६० मध्ये असले की ठीक.

दोन आठवड्यांनी व्यंग तपासणीची सोनोग्राफी झाली. ती १८ ते २० आठवड्यांत करून घ्यावी. बाळ व्यवस्थित होतं, फक्त वार (प्लॅसेंटा) गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीला होती. अशी वार बाळ आणि पोट यांच्यामध्ये उशीसारखी बसते आणि हलक्या लाथा तिथेच जिरतात. हा दोष नव्हे. (वार पुढे म्हणजे मुलगी, हे सासूबाईंनी ऐकलं होतं. तसा काही संबंध नाही.) एकविसाव्या आठवड्यात, रात्री कुशीवर पडल्यावर तिला पहिल्यांदा कळलं. चोविसावा भरूनही काहीच कळलं नसतं, तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवायला सांगितलं होतं.

खरी काळजी फाईलमध्ये होती: हिमोग्लोबिन ९.१. गरोदरपणात ते ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. लोहाच्या गोळ्या घरात होत्या, पण शौचाला काळं होतं म्हणून तिने सोडलेल्या. घ्यायची तेव्हाही कॅल्शियमबरोबर, चहासोबत. काळं होणं निरुपद्रवी आहे. चहा आणि कॅल्शियम मात्र लोह अंगी लागू देत नाहीत. डॉक्टरांनी रोज दोन गोळ्या सांगितल्या, तेव्हा वेळा बांधून दिल्या: दोन्ही जेवणांसोबत कॅल्शियम, दुपारी चारला आणि रात्री झोपताना लोह, लिंबूपाण्याबरोबर. चहा त्याच्या आधी-नंतर तासभर नाही. खडा होत असेल तर भाकरीसोबत पालेभाजी आणि पाणी वाढवायचं. गोळी बंद करायची नाही.

ती विड्या वळते. तंबाखूची धूळ श्वासातून जाते, निकोटिन कातडीतूनही शिरतं, त्यामुळे हे काम थांबवणंच उत्तम. घर त्यावरच चालत असल्याने निदान तंबाखू भरणं सासूबाईंकडे द्यायचं आणि तिने दुसऱ्या खोलीत पानं कापायची, एवढं ठरलं. सूप मांडीवर घेऊन तासन्‌तास बसल्यावर उठताना जांघेत कळ येते. गर्भाशयाचे बंध ताणल्याने ती येते आणि क्षणात जाते. पण पोट ठरावीक वेळाने आवळायला लागलं, रक्त किंवा पाणी गेलं, डोकं दुखून अंधारी आली, तर दर महिन्याच्या नऊ तारखेला होणाऱ्या तपासणीची वाट बघायची नाही, असं दोघींना बजावलं.

चोविसाव्या आठवड्यानंतर ७५ ग्रॅम ग्लुकोजची साखर तपासणी आहे. हिमोग्लोबिन महिन्याने पुन्हा.